मौनीबाबांची पिवळी लोकर

लोकर कातरायच्या शेडमध्ये त्या दुपारी एकही मेंढी नव्हती. होती ती सगळी माणसं, आणि तीही एकमेकांच्या पाठीला पोट लावून उभी. पत्र्याखाली जीव उकडून निघत होता, पण घरी जायचं नाव कुणी काढत नव्हतं. मधल्या लाकडी ओट्यावर, जिथे एरवी मेंढीला उताणी पाडून तिची लोकर उतरवतात, तिथे मौनीबाबा मांडी घालून बसले होते. आज कुणाची लोकर उतरणार हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. तेवढीही तिथे कुणी बरोबर आणली नव्हती.

गुरांची डॉक्टरीण दाराला टेकून उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि ती आली म्हणून दोघातिघांनी नाकंही मुरडली होती. तिला त्याची सवय होती.

"शांत व्हा!" बाबा गरजले. "आवाज केलात तर शक्ती बुजते!"

मौनीबाबा हे नाव या माणसाला कुणी ठेवलं देव जाणे. सकाळी डोळे उघडले की त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा, तो थांबायचं नाव नाही. ग्रहांपासून गुडघेदुखीपर्यंत एकही विषय त्याने सोडला नव्हता. अधूनमधून एखाद्या संध्याकाळी मात्र तो 'मौन' धरायचा, मेंढ्यांच्या रक्षणासाठी. तेवढी एक रात्र गावाच्या कानांना सुट्टी.

कारण गावावर संकट आलं होतं, हे खरंच होतं. कुंपणातल्या मेंढ्या पहाटे फाडलेल्या सापडत होत्या. खाल्लेल्या नव्हेत, नुसत्या फाडलेल्या. मागच्या मांड्या चिरलेल्या, गळे ओरबाडलेले, कान उपटून नेलेले. काही तर जिवंत असायच्या, आणि त्यांच्याकडे बघवत नसे. डॉक्टरीण त्या चिखलात गुडघे टेकून टाके घालायची आणि प्रत्येक वेळी तेच सांगायची, "ही कुत्र्यांची कामं आहेत. दातांच्या खुणा बघा. कोल्हा असता तर कोकरू उचलून नेलं असतं, लांडगा असता तर खाल्लं असतं. हा खेळ आहे, कुत्र्यांचा खेळ."

"पण कुत्री कुणाची?" लोक विचारायचे.

"आपलीच."

झालं! त्यावर लोक असे बघायचे, जणू तिने त्यांच्या पोटच्या पोरावर आळ घेतला. इथली कुत्री दिवसभर मेंढ्या वळायची, धन्याच्या शिटीसरशी जमिनीला पोट टेकून बसायची. संध्याकाळी मेंढ्या कुंपणात गेल्या की कुत्र्यांचे पट्टे काढायचे, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. 'दिवसभर राबतंय बिचारं, त्यालाही मोकळीक नको का?' सकाळी दार उघडलं की कुत्रं पायरीवर दमून झोपलेलं असायचं. ते रात्रभर तिथेच होतं, असं जो तो शपथेवर सांगायचा. आपण स्वतः रात्रभर घोरत होतो, एवढं सोडून.

बाबांचा शोध याहून कितीतरी चवदार होता. गावात एक चेटकीण आहे. ती मेंढीचं रक्त पिते आणि कानांची माळ करून गळ्यात घालते.

"ओळखायची कशी, बाबा?" पहिल्या रांगेतून थोरल्यांनी विचारलं. थोरले म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे मेंढीवाले. सगळे त्यांना थोरलेच म्हणत. त्यांच्या भावाला धाकटे. थोरल्यांनीच बाबांना गावात आणून स्वतःच्या माडीवर ठेवून घेतलं होतं.

बाबांनी पिशवीत हात घालून पिवळ्याधमक लोकरीचे पुंजके काढले.

"ही साधी लोकर नव्हे! ही न जन्मलेल्या कोकराची लोकर आहे! निष्पाप हातात ही पिवळीच राहते. पापी हातात तिला रक्त सुटतं!"

न जन्मलेल्या कोकराला कातरलं कुणी, असा प्रश्न एकाही मेंढीवाल्याला पडला नाही. सगळ्यांनी आ वासला.

मग एकेकजण पुढे गेला. बाबा तळहातावर पुंजका ठेवायचे, वरून तांब्यातलं पाणी शिंपडायचे आणि डोळे मिटून ओठ हलवायचे. थोरल्यांची लोकर पिवळी राहिली. मालकीणबाईंची, म्हणजे थोरल्यांच्या बायकोची, पिवळी. धाकट्यांची पिवळी. प्रत्येक वेळी सुटकेचा सुस्कारा निघत होता.

"कुणी राहिलंय का?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी मधाळ.

"लोकरमावशी राहिली," कुणीतरी म्हणालं. "ती कामावर आहे."

"जशी असेल तशी घेऊन या. हात पुसायलाही वेळ देऊ नका. पापाला सावध व्हायला वेळ मिळता कामा नये!"

लोकरमावशी ही ओढ्याकाठची विधवा. गावाची सगळी लोकर विकायला जाण्याआधी तिच्या टबांतून जायची. लोकर किती तेलकट आणि किती घाण असते हे धुतल्याशिवाय कळत नाही. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ती भिजवायची, पिळायची, पुन्हा भिजवायची. तिचे हात वर्षानुवर्षं त्या पाण्यात राहून भेगाळले होते. डॉक्टरीण तिच्याच घरात पुढच्या खोलीत भाड्याने राहायची. आणि कुत्र्यांबद्दल डॉक्टरिणीशी उघडपणे सहमत असणारी गावात ती एकटीच होती. बाबा गावात आले त्या दिवशी भर चौकात ती त्यांना हसली होती. "मौनी? अगं बाई, मग बोलका असता तर काय झालं असतं!" सगळे हसले होते. बाबाही हसले होते. पण बाबांनी ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

तिला दंडाला धरून आणलं. तिच्या कोपरांवरून अजून पाणी निथळत होतं.

"काय नाटक आहे हे?" ती म्हणाली. "माझी लोकर टबात भिजतेय."

"हात पुढे कर, बाई."

पुंजका तिच्या तळहातावर पडला. बाबांनी पाणी शिंपडायच्या आधीच तो कडांनी तांबडा व्हायला लागला, आणि बघता बघता रक्तासारखा लालभडक झाला. लाल पाणी तिच्या मनगटावरून खाली ओघळलं.

एक बाई किंचाळली आणि सगळी शेड उसळली. कुणी मावशीवर थुंकलं. कुणी तिच्या केसांना हात घातला. गेल्याच हिवाळ्यात जिच्या बाळंतपणात मावशी रात्रभर उशाशी बसली होती, ती सून "माझ्या लेकराकडे बघू नको" म्हणून लेकराचे डोळे झाकत होती. डॉक्टरीण गर्दीत घुसली, दोघांना कोपराने बाजूला केलं आणि मावशीच्या पुढे उभी राहिली. तिला भीती वाटत होती. पण ती तिथून हलली नाही.

"हिला हात लावू नका," बाबा उदारपणे म्हणाले. "उद्या दिवस मावळायच्या आत हिने गाव सोडावं. हिची ओढ्याकाठची जागा शुद्ध करावी लागेल. तिथे मी आश्रम बांधीन. मला तरी कुठे हौस आहे? पण जबाबदारी कुणी घ्यायची?"

गावातली पाण्याजवळची तेवढीच एक चांगली जागा. बाबांची जबाबदारी बरोबर तिथेच येऊन बसली.

घरी आल्यावर मावशी चुलीपुढे बसली आणि हातांकडे बघत राहिली.

"मी काही केलं नाही गं," ती म्हणाली.

"मावशी, हे तुम्ही मला सांगताय?"

"सांगते, कारण मलाच एक क्षण वाटलं, केलं असेल का काही?" तिचा आवाज फुटला. "एवढी माणसं ओरडायला लागली की आपलंच आपल्याला खरं वाटेनासं होतं. मी कुठे जाऊ आता? हे टब आमच्या यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेत. हे घर सोडून मला कुठलीच जागा माहीत नाही."

डॉक्टरिणीला त्या गावाचा इतका संताप आला होता, की समोर कुणी आलं असतं तर तिने हातातलं फुलपात्र फेकून मारलं असतं. शेडमधून येताना तिने तो लाल पुंजका मुठीत उचलून आणला होता. आता तिने तो दिव्याजवळ धरला, उलटापालटा केला, मग नाकाशी नेला.

ती एकदम हसायला लागली.

"काय झालं? तुलाही बाधा झाली का?" मावशी वैतागली.

"मावशी, हा पुंजका हळदीत बुडवून वाळवलाय. हळद! हळदीला सोडा लागला की ती लाल होते. साबण लागला तरी होते. आणि तुमचे हात सकाळपासून सोड्यात होते. म्हणूनच त्याने तुम्हाला हात पुसू दिले नाहीत."

मावशीने पुंजका घेतला, हुंगला. मग तिने बाबांच्या आईबापांपासून सुरुवात करून जे काही तोंडाला येईल ते ऐकवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिला बरं वाटलं, एवढं मात्र खरं.

"चल, आत्ताच जाऊन सांगू," ती पदर खोचत म्हणाली.

"आत्ता कोण ऐकणार? तुमच्याकडून तर नाहीच, आणि मी तुमची भाडेकरू. म्हणतील, घरातलीच आहे, बोलणारच."

झालंही तसंच. सकाळी डॉक्टरिणीने दोघातिघांना गाठून सांगून पाहिलं. एकाने दार लावून घेतलं. दुसरा म्हणाला, "तुमचं पुस्तकातलं असेल ते. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय." जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा अर्थ डोक्याने लावायचा असतो, हे त्याला सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

दुपारी दवाखान्याच्या दारात थोरले आले. एकटेच. दोन्ही हातांवर त्यांनी आपलं कुत्रं उचलून आणलं होतं. काळंपांढरं, भारदस्त कुत्रं. नाव साहेब. थोरल्यांना मूलबाळ नव्हतं, आणि साहेबाला माडीवर पलंगावर लोळायची मुभा होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"कालपासून काही खात नाही," थोरले तिच्याकडे न बघता म्हणाले. "ओकाऱ्या काढतंय, पण पडत काही नाही. बाबांची राख चाटवली. गुण नाही."

"बाबांनी मौन धरून पाहिलं का?"

"बाई, टोमणे नंतर मारा. आधी बघा याला."

थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरिणीने कुत्र्याला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं आणि उलटीचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात साहेबाने मान खाली घातली, अंग आकसलं, आणि तो समोर ठेवलेल्या तसराळ्यात भडाभडा ओकला.

त्यात लोकर होती. गच्च, चिकट गोळाच होता लोकरीचा. त्यात कातड्याचा एक तुकडा आणि त्या तुकड्यात अडकलेला, दातांनी चेपलेला, मेंढीच्या कानातला निळा बिल्ला.

गावात ज्याच्या त्याच्या कळपाच्या बिल्ल्याचा रंग वेगळा होता, म्हणजे चरताना मेंढ्या मिसळल्या तरी ओळखता याव्यात. थोरल्यांचा हिरवा. निळा धाकट्यांचा. सगळ्यांत जास्त मेंढ्या धाकट्यांच्याच मेल्या होत्या.

थोरले तसराळ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. साहेब शेपूट हलवून त्यांचा हात चाटू लागला. त्याला आता बरं वाटत होतं.

"हे कुणाला सांगू नका," थोरले शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"धाकटा मागच्या वर्षापर्यंत माझ्या घराची पायरी चढत नव्हता. आत्ता कुठे बोलायला लागलाय. त्याची जनावरं माझ्या कुत्र्याने मारली हे कळलं तर तो जन्मात माझं तोंड बघणार नाही. आणि साहेबाला लोक जिवंत ठेवतील का?"

"आणि मावशी?"

थोरले साहेबाचे कान कुरवाळू लागले.

"मावशीचं काय, थोरले? आज दिवस मावळायला ती रस्त्यावर!"

"मी तिला दुसरीकडे खोली बघून देईन. काही कमी पडू देणार नाही."

"खोली?" डॉक्टरीण टेबलावर हात आपटून ओरडली. "गावभर चेटकीण म्हणून थुंकलेल्या बाईला तुम्ही खोली देणार? लाज नाही वाटत? कुत्र्यासाठी डोळ्यांत पाणी येतं तुमच्या, आणि माणसासाठी?"

साहेबाला पोटाशी धरून थोरले खाली मान घालून निघून गेले. बिल्ला तसराळ्यातच राहिला. डॉक्टरिणीने तो धुतला आणि खिशात टाकला.

ऊन उतरायच्या सुमाराला सगळा गाव ओढ्याकाठी लोटला. बाबांसाठी खुर्ची आणली होती. ती मावशीच्या अंगणाबाहेर, जरा उंचावर ठेवली. बाबांनी डोळे अर्धवट मिटून घेतले आणि हात वर केला.

"हिचं सगळं बाहेर काढा. एकही वस्तू आत राहता कामा नये!"

पोरं, बाप्ये, बायका, सगळे तुटून पडले. भिजलेल्या लोकरीचे ओथंबलेले गठ्ठे मिठीत धरून बाहेर आणले, टब उलटे केले, पाणी अंगणभर झालं. कुणी पिळायचं लाकडी यंत्र ओढलं. मालकीणबाई स्वतः ओंजळी ओंजळीने ओली लोकर उचलून रस्त्यावर भिरकावत होत्या. धाकटे सगळ्यांत पुढे होते. आपल्या मेंढ्यांचा सूड घ्यायला मिळाला म्हणून त्यांच्या अंगात बळ आलं होतं. थोरले मात्र कुंपणाला धरून उभे होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही.

मावशी धावली, तशी डॉक्टरिणीने तिला कवेत घट्ट धरलं.

"अगं, यांनी बनवलेले टब आहेत ते! सोड मला!"

"घालू द्या त्यांना हात," डॉक्टरीण तिच्या कानात म्हणाली. "घालू द्या, मावशी. चांगले कोपरापर्यंत घालू द्या."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या ध्यानात आलं. ती थांबली, पण रडायची मात्र थांबली नाही.

सगळं बाहेर आल्यावर डॉक्टरीण बाबांपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने चक्क हात जोडले.

"बाबा, आम्ही जातो. मीही जाते. पण एकच मागणं. उद्या कुणी म्हणेल, काल काहीतरी चूक झाली असेल. मनात किंतू नको. जायच्या आधी पुन्हा एकदा सगळ्यांना लोकर द्या. पुन्हा हिचीच लाल झाली, तर गावाची खात्री पटेल."

बाबांनी गर्दीकडे पाहिलं. काल शेडमध्ये मावतील एवढीच माणसं होती, आज शेजारच्या वस्तीचीही आली होती. एवढे डोळे आपल्याकडे लागलेले बघून कुठला बाबा नाही म्हणेल? त्यांनी पिशवी उघडली.

"धाकटे, तुम्ही आधी या," डॉक्टरीण म्हणाली. "सगळ्यांत जास्त नुकसान तुमचं झालंय."

धाकट्यांनी हात पुढे केला. पुंजका ठेवला. बाबांनी पाणी शिंपडलं.

लाल.

धाकटे हाताला विंचू डसल्यासारखे ओरडले. डॉक्टरिणीने बाबांच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि भराभर पुंजके वाटायला सुरुवात केली. मालकीणबाई, लाल. कालची ती किंचाळणारी बाई, लाल. लेकराचे डोळे झाकणारी सून, लाल. अंगणात जो तो हात झटकत होता, कपड्याला पुसत होता, आणि एकमेकांपासून लांब सरकत होता.

"मग आता काय करायचं?" डॉक्टरिणीने मोठ्याने विचारलं. "सगळ्या गावानेच गाव सोडायचं का?"

बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते खुर्चीतून ताडकन उठले.

"बघितलंत? हिच्या वस्तूंना हात लावला आणि तुम्हालाही बाधा झाली! जाळा! हे टब आत्ताच्या आत्ता जाळा!"

आणि गर्दी वळली. खरोखर वळली! दोघंजण काडेपेटी शोधायला लागले. माणूस घाबरला की त्याला जे ओरडून सांगावं ते पटतं, आणि बाबांचा धंदा त्यावरच चालायचा. डॉक्टरिणीने झपकन पुढे होऊन मालकीणबाईंचा पदर धरला.

"मालकीणबाई, तुमच्या पदरावर हा कसला डाग आहे?"

"हळदीचा. स्वयंपाक करताना लागला. सोडा पदर!"

डॉक्टरिणीने मावशीच्या दगडावरची साबणाची वडी उचलली आणि त्या डागावर घासली. डाग लाल झाला.

मालकीणबाईंनी पदराकडे पाहिलं. मग हाताकडे. मग पुन्हा पदराकडे.

"अय्या," त्या म्हणाल्या. "हे तर रोजच होतं धुण्यात."

"रोज होतं ना?"

"हो, म्हणजे हळदीचा डाग साबणाने लाल होतो. उन्हात वाळला की जातो. कुठल्या बाईला माहीत नाही हे?" त्यांचा आवाज हळूहळू चढायला लागला. "अहो, ही लोकर हळदीची आहे! या मेल्याने आम्हाला हळद दाखवली!"

बायकांमध्ये एकदम कलकलाट झाला. प्रत्येकीने आपला पुंजका हुंगला. जन्मभर धुण्याच्या बादलीत जे पाहिलं, तेच ओट्यावर बसलेल्या माणसाने दाखवलं तर ओळखू आलं नाही. याचा राग त्यांना बाबांपेक्षा स्वतःचाच जास्त आला असावा, पण तो निघाला बाबांवर.

"थांबा!" बाबा ओरडले. त्यांचा घाम नाकावरून टपकत होता. "हळद असेल! पण मग मेंढ्या कोण मारतं? मी मौन धरतो त्या रात्री एकही मेंढी मरत नाही, हे खोटं आहे का? बोला!"

लोक पुन्हा घुटमळले. हे मात्र खरं होतं.

"खरं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "अगदी खरं आहे. पण बाबांनी मौनाच्या संध्याकाळी तुम्हाला काय काय करायला सांगितलं होतं, आठवा."

"दिवे मंद ठेवायचे," एकजण म्हणाला.

"आणखी?"

"कुणी बाहेर पडायचं नाही."

"आणखी?"

धाकटे हळूच म्हणाले, "कुत्री बांधायची. भुंकून मौन मोडतं म्हणून. सकाळपर्यंत सोडायची नाहीत."

ते बोलून गेले आणि स्वतःच थबकले.

"कुत्री बांधली की मेंढ्या जगतात. सोडली की मरतात," डॉक्टरीण म्हणाली. "या माणसाला हे तुमच्याआधी कळलं होतं. त्याने दोरी तुमच्याकडून बांधून घेतली आणि श्रेय मौनाला दिलं."

"आमची कुत्री?" कुणीतरी चिडून म्हणालं. "पुरावा काय?"

डॉक्टरिणीने खिशातून निळा बिल्ला काढून धाकट्यांच्या तळहातावर ठेवला. तळहात अजून लालच होता. धाकट्यांनी बिल्ला उलटा केला.

"हा माझ्या म्हाताऱ्या मेंढीचा. हा कोपरा मीच चाकूने कापला होता, तिला टोचत होता म्हणून." त्यांनी मान वर केली. "कुठे सापडला?"

डॉक्टरीण कुंपणाकडे बघत होती. मग मावशीही तिकडे बघायला लागली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी. एकेक करून सगळेच वळले.

थोरल्यांनी कुंपण सोडलं.

"साहेबाच्या पोटात," ते म्हणाले. "आज दुपारी ओकला तो. माझ्या डोळ्यांदेखत. मला माहीत होतं. माहीत असून मी इथे उभा होतो."

धाकटे भावाकडे बघत राहिले. मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या गडबडीत बाबा खुर्चीमागून सटकायला निघाले होते, पण अंगणातलं साबणसोड्याचं पाणी बाहेरच्या वाटेवरही वाहत आलं होतं. त्यांचा पाय घसरला आणि ते आपल्या सगळ्या शक्तीसकट उताणे पडले. पोरांनी त्यांना तिथेच धरलं. मारायला उठलेल्यांना डॉक्टरिणीने आवरलं. त्याला पोलिसांच्या हवाली करा, म्हणाली, आणि पिशवीही द्या, हळदीसकट. तसंच केलं गेलं.

पण गर्दीचा हात उगारलेला होता, आणि तो कुणावर तरी पडल्याशिवाय खाली येणार नव्हता. दोघांनी दगड उचलले. "त्या साहेबाला आधी संपवा! सगळीच कुत्री मारून टाका!"

"खबरदार!" ही डॉक्टरीण नव्हती, मावशी होती. ती उलट्या पडलेल्या टबावर चढून उभी राहिली. तिचा आवाज चिरकत होता. "काल मी चेटकीण होते. आज कुत्रं चेटकीण. उद्या कोण? कुत्र्याला मोकळं सोडलं तर ते कुत्र्यासारखंच वागणार! पट्टे काढलेत कुणी? कुत्र्यांनी?"

दगड हळूहळू खाली पडले.

"घरी जा आणि आपापलं कुत्रं बांधा," ती म्हणाली. "पण त्याआधी माझे टब होते तिथे ठेवा. आणि रस्त्यावरची सगळी लोकर उचला. ती पुन्हा धुवायची आहे."

त्यांनी टब उचलले. माफी कुणी मागितली नाही. गावाला माफी मागता येत नाही, फार तर टब उचलता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले आले. साहेब साखळीला बांधलेला होता. धाकटे त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि बोलतील की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरले दारातच उभे राहून म्हणाले, "मावशी, माझ्या हातून..."

"लोकर आणलीत?" मावशीने टबातून मान वर न करता विचारलं.

"हो."

"मग तिथे ठेवा. आणि कुत्रं अंगणात आणू नका. अजून मला त्याच्याकडे बघवत नाही, आणि तुमच्याकडेही."

त्यानंतर त्या गावात रोज संध्याकाळी कुत्री बांधतात. बाबाशिवाय, मौनाशिवाय, राखेशिवाय. मेंढ्यांचे कान मेंढ्यांच्या डोक्यावरच आहेत.

तुमच्या गावातही कुणीतरी येईल. त्याची लोकर कदाचित पिवळी नसेल. पाणी असेल, अंगारा असेल, नाहीतर गोड बोलणं असेल, आणि त्याने बोट दाखवलेली कुणी एकटी बाई असेल. तिच्यावर थुंकायच्या आधी एकदा आपले हात हुंगून बघा. आणि चमत्कार झाला म्हणून सगळे नाचायला लागले, की लाज न बाळगता मोठ्याने विचारा: त्या रात्री कुत्री कुठे होती?